दोन थरांत नेलेलं शेत

१

मातीवाल्या बाई सही करायला आल्या, तर सही करायचं शेतच जागेवर नव्हतं.

कुंपण होतं. चारी कोपऱ्यांचे खांब होते. 'भूखंड सात' ही पाटीही ऐटीत उभी होती. पण कुंपणाच्या आत, बरोब्बर मधोमध, पाव एकरातली माती मांडीइतक्या खोलीपर्यंत गायब झाली होती आणि खालची पिवळी चिकणमाती उघडी पडली होती.

बाईंची बावीस वर्षं याच कामात गेली होती. कोळशाच्या खाणीनं घेतलेली जमीन मूळ मालकाला परत द्यायच्या आधी तिच्यात जीव आहे की नाही ते बघायचं आणि कागदावर सही करायची. यंत्रांखाली दबून मेलेली माती त्यांनी पाहिली होती, मातीच्या नावाखाली खपवलेला मुरूम पाहिला होता. चोरीला गेलेली माती पाहायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

"दोन दिवस वार्षिक दुरुस्तीची सुट्टी होती," खाणीचे व्यवस्थापक घाम पुसत सांगत होते. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. "आज सकाळी येऊन बघतो तर हे! शुक्रवारी ताबा द्यायचाय, बाई. आता मी वरच्यांना काय तोंड दाखवू?"

"तुमच्या तोंडाचं मागनं बघू," कुंपणाला टेकून उभी असलेली म्हातारी म्हणाली. "माझ्या शेताचं काय ते आधी बोला."

ही अक्का. अडुसष्ट वर्षांची, काटक, बोलण्यात कुणाची भीडभाड न ठेवणारी. बारा वर्षांपूर्वी तिनं हे एकरभर शेत खाणीला दिलं होतं. खाणीनं आधी वरची माती सोलून वेगळी ठेवली. या खाणीची ही एक जुनी शिस्तच होती: प्रत्येक घरच्या मातीचा ढीग वेगळा, त्यावर त्या घराची पाटी. मग खालचा दगड फोडून काढला, कोळसा नेला, दगड पुन्हा खड्ड्यात भरला, त्यावर चिकणमातीचं जाड पांघरूण घातलं आणि सगळ्यांत वर अक्काची स्वतःची माती आणून पसरली. त्यानंतर नियमाप्रमाणे तीन वर्षं देखरेख. ती या शुक्रवारी संपत होती, आणि अक्का पुढच्याच महिन्यात इथे घर बांधायला काढणार होती.

"माती अपुरी असेल तर सही नाही," बाईंना सांगणं भागच होतं. "देखरेख पुन्हा पहिल्यापासून. तीन वर्षं."

"तीन वर्षं मला कुणी लिहून दिलीयत का?" अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

बाई खड्ड्यात उतरल्या. कापलेल्या कडेशी उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. कडेला एक पायरी होती. वरची वीतभर काळी माती जरा मागे सरकून कापली होती आणि तिच्याखालची तांबूस माती पुढे. वरचा थर आधी अलगद काढला होता, खालचा नंतर, वेगळा.

चोरानं माती दोन थरांत नेली होती.

२

"पुस्तकात लिहिल्यासारखी काढलीय," बाई कचेरीत चहा ढवळत म्हणाल्या. "खड्ड्यात यंत्राचा माग एकाच बाजूनं आहे. यंत्र चिकणमातीवर उभं राहून मागे मागे सरकत गेलंय. मातीवर एक चाकसुद्धा चढवलेलं नाही. चोराला इतकी काळजी कशाला?"

"चोर हुशार असतील," साहेब म्हणाले.

"हुशार चोर रस्त्याकडेची माती नेतो. यानं मधली नेली. आकारही बघितलात? ना चौकोन, ना गोल. जणू आधी कुणीतरी रेघ मारून दिली होती."

साहेबांना आकाराशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांचा संशय ठरलेला होता. रोपवाटिका सांभाळणाऱ्या वहिनी वर्षभर चांगल्या मातीसाठी त्यांच्यामागे भुणभुण करत होत्या. पोकलेनची एक किल्ली कचेरीच्या खिळ्याला टांगलेली असते, ती कुणीही घेऊ शकतं, आणि वहिनींना यंत्र चालवता येतं.

"दुसरी किल्ली?"

"अण्णांकडे. पण त्यांचं नावही काढू नका. तीस वर्षं पोकलेन चालवतायत, सहा महिन्यांत निवृत्त होतील. शिवाय ते अक्कांचे सख्खे धाकटे भाऊ. बहिणीच्या शेतातली माती कोण चोरेल?"

"आणि तुम्ही? तुम्हालाही चालवता येतं म्हणे."

साहेबांचा चेहरा उतरला. "मी सुरुवात त्याच यंत्रावर केली. पण बाई, ही सही मिळाली नाही तर पहिली मान माझीच जाणार आहे!"

ते खरंच होतं. बाई फाटकावर गेल्या. सुट्टीत मातीचा एकही डंपर बाहेर पडला नव्हता. पहारेकऱ्याची वही आणि कॅमेरा दोन्ही तेच सांगत होते. पायी येणाऱ्याला मात्र आत शिरायला चार वाटा होत्या. फाटक दीड मैल लांब, तिथवर यंत्राचा आवाज यायची शक्यता नव्हती. पोकलेनचा तासांचा काटा मात्र सुट्टीत सोळा तास पुढे सरकला होता.

म्हणजे पाव एकर शेत खाणीच्या आतच कुठेतरी होतं.

बाईंनी डोळे मिटून स्वतःला विचारलं, मी असते तर कुठे ठेवलं असतं? उंच ढीग नाही. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही आणि माती गुदमरते. पाणी साचेल अशी जागा नाही. वाऱ्याच्या तोंडावर नाही. मग उरली एकच जागा. त्या तडक रोपवाटिकेमागच्या उताराकडे निघाल्या.

माती तिथेच होती. दोन लांबट ढीग, कमरेपेक्षाही बुटके. एक काळ्या मातीचा, एक तांबूस. दोन्हींवर ओलसर गवत अंथरलेलं. बाईंनी काळ्या ढिगात हात घातला, तर बोटांवर एक गांडूळ वळवळत आलं. बारा वर्षांत दोनदा उपसलेली, दोनदा हलवलेली ही माती, आणि तरी आत सगळं जिवंत! या कामात इतकी वर्षं घालवूनही बाईंच्या अंगावर काटा आला.

"सापडल्या ना वहिनी!" मागून धापा टाकत आलेले साहेब ओरडले.

३

रोपवाटिकेच्या छपराखाली दोघांच्या हातात चहा देऊन वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मी चोरीन आणि माझ्याच दारात आणून ठेवीन? एवढी का मी बावळट दिसते?"

"मग ही इथे आली कशी?"

"मला काय ठाऊक! दोन्ही दिवस मी लेकीकडे होते. नातू झालाय. हे बघा फोटो, दवाखान्यातले. वेळ छापलेलीय खाली."

सहा फोटो होते. सहाही फोटोंत वहिनी बाळापेक्षा मोठ्यानं हसत होत्या. साहेब फोन परत देऊन जायला उठले.

बाई मात्र जायला उठल्या नाहीत. "वहिनी, त्या सात नंबरच्या तुकड्याबद्दल काय वाटतं तुम्हाला? गेल्या तीन वर्षांत?"

"चांगला तुकडा. जरा उतावळा."

"उतावळा म्हणजे?"

"म्हणजे मधल्या भागातलं गवत बाकीच्यांच्या आधी वीस दिवस फुलतं. यंदा तर महिनाभर आधी. आणि लवकर वाळतंही. मी अण्णांना म्हटलंसुद्धा दोन आठवड्यांपूर्वी, तुमच्या अक्काच्या शेताला भारी घाई. हसतील असं वाटलेलं. पण कसले हसतायत! जेवणाचा डबा तसाच ठेवून उठून गेले."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

४

दुसऱ्या दिवशी त्या उजाडताच भूखंड सातवर हजर झाल्या. कडाक्याची थंडी होती. आदल्या दिवशी त्या भर दुपारी इथे फिरल्या होत्या, तेव्हा उन्हानं सगळंच तापलेलं होतं आणि कशानंच काही सांगितलं नव्हतं. सकाळ मात्र बोलकी निघाली.

कुंपणाच्या आतलं सगळं गवत दवानं पांढरं झालं होतं. फक्त कापलेल्या खड्ड्याच्या भोवती हातभर रुंदीचा एक कोरडा पट्टा होता. कडेच्या प्रत्येक वळणाबरोबर तोही वळत होता. आणि खड्ड्याच्या मधोमध, उघड्या चिकणमातीवर, खाणीतला भुऱ्या कुत्रा चारी पाय पसरून सुखानं झोपला होता. अशा थंडीत कुत्रं अंगाची जुडी करून, आडोसा शोधून झोपतं.

बाई गुडघ्यांवर बसल्या आणि तळवा जमिनीवर टेकवला. कोमट होती.

त्यांनी पिशवीतून लोखंडी सळई काढली, दगडानं ठोकून ठोकून हातभर आत घातली, थोडी थांबल्या आणि उपसली. दुसऱ्या क्षणी सळई त्यांच्या हातातून सुटली. बोटांना चटका बसला होता. भोकातून काडेपेटीच्या काडीसारखा वास येत होता.

खाली काय आहे ते त्यांना कळलं. कोळशाच्या थराला लागून, लगेच वर असलेल्या काळ्या दगडात कोळशाचा अंश असतो. तो हवेजवळ राहिला तर आपोआप तापतो आणि वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसत राहतो. म्हणून तो नेहमी भरावाच्या तळाशी, सगळ्यांत खोल पुरायचा असतो. इथे तो वर होता. याच जागेवर अक्का घर बांधणार होती, इथेच झोपणार होती.

चोरानं माती चोरली नव्हती, ती भाजण्याआधी बाहेर काढली होती. पण मग तो चोरासारखा का वागला? हे सांगायला तो साहेबांकडे का गेला नाही?

५

अण्णा खाणीच्या काठावर उभे होते. बाईंनी त्यांना मुद्दाम तिथेच गाठलं. पण तोंड उघडण्याआधी त्या नेहमीसारख्याच काठाशी थबकल्या.

डोंगर उपटून उलटा रोवावा तसा तो खड्डा होता. पाच प्रचंड पायऱ्या उतरत उतरत तळाशी गेलेल्या. सगळ्यांत वर तपकिरी, मग पिवळी, मग राखाडी, मग करडी, आणि तळाजवळची काळीभोर. ज्या डंपरच्या चाकापेक्षा माणूस बुटका, ते डंपर खाली मुंगीएवढे दिसत होते. माणूस यायच्या कितीतरी आधी इथे रान होतं, ते बुडालं, दबलं, दगड झालं, आणि आता सकाळच्या पाळीतली माणसं डबे घेऊन त्याच्याखाली उतरत होती. बाईंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. देवळात शिरल्यासारखं त्यांना इथे दरवेळी होई, आणि त्याची त्यांना लाजही वाटत नसे.

"अण्णा," त्या शेवटी म्हणाल्या, "हे पायऱ्यांचे आकडे कुठून मोजता?"

"वरून. आपण वरनं खाली खणत जातो ना. पहिली पायरी वरची, पाचवी तळाची." अण्णांनी पायऱ्यांवरच्या पांढऱ्या पाट्या दाखवल्या.

बाई वळल्या. पलीकडे भरावाचा डोंगर उभा होता, तोही पाच मजल्यांचा, त्यावरही पाट्या होत्या. सगळ्यांत खालच्या मजल्यावर एक, आणि अगदी माथ्यावर पाच. भूखंड सात त्याच माथ्यावर होता.

"आणि भराव खालून वर चढतो. म्हणून त्याचे आकडे खालून," त्या हळूच म्हणाल्या. "पाचव्या पायरीचा काळा माल पहिल्या मजल्यावर जायला हवा. भरावावरच्या माणसाला हे तोंडपाठ असतं. पण ज्यानं सगळा जन्म खड्ड्यात काढलाय, त्याला कुणी झेंडी हातात देऊन अचानक भरावावर उभं केलं, तर तो पाच नंबरचा माल कुठे पाठवील?"

अण्णा खाली बघत राहिले.

"काल रात्रीपर्यंत मी किल्ल्या मोजत बसले होते," बाई म्हणाल्या. "चूक माझी. साहेबांना त्या जागेत काही आहे हेच माहीत नाही. वहिनी नातवापाशी. आणि ज्यानं माती काढली त्यानं, जिथे दव टिकत नाही त्या उष्णतेच्या कडेकडेनं काढली, म्हणजे खाली काय आहे ते त्याला माहीत होतं. ते कुणाला माहीत असणार? जो ते टाकताना तिथे उभा होता त्याला."

"सात वर्षं झाली," अण्णा बोलू लागले. "माझी पाठ गेली होती. महिनाभर यंत्रावर बसायचं नाही म्हणाले डॉक्टर. मला झेंडी देऊन डंपर कुठे रिकामे करायचे ते दाखवायला उभं केलं. पाच नंबर आला, पाचवर पाठवला. तीन दिवस. चौथ्या दिवशी माझं मलाच कळलं. पण तोवर वर दुसरा माल पडला होता. म्हटलं, चिकणमाती बसेल, गार राहील. कुणाला सांगितलं नाही. मूग गिळून गप्प बसलो."

"आणि ती जागा अक्काच्या वाट्याला आली."

"जिथलं शेत तिथेच परत द्यायचं, असा नियम. दरवर्षी सकाळी जाऊन हात लावून बघायचो. गारच लागायची. वहिनी गवताचं बोलल्या तेव्हा पुन्हा गेलो, तर..." त्यांनी तोंड पुसलं. "सांगावं तर तीस वर्षांच्या नोकरीवर काळं फासलं जाणार. त्याचंही चाललं असतं, बाई. पण तिला कसं सांगू? शेत द्यायला ती तयार नव्हती. मीच पाय धरले होते तिचे. म्हटलं होतं, जसंच्या तसं परत आणून देईन. म्हटलं, चोरी झाली की ताबा थांबेल, तपास होईल, कुणीतरी शोधून काढील. मला तोंडानं सांगावं लागणार नाही."

"काढलं शोधून," बाई म्हणाल्या. "पण सांगणार तुम्हीच."

६

तासाभरात भूखंड सातवर सगळे जमले. अण्णांनी यंत्रात बसण्याआधी अक्काला सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. अक्का कुंपणापाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. साहेबांचं तर धाबंच दणाणलं होतं. ते नुसते टोपी काढत होते आणि घालत होते.

पोकलेनच्या बकेटनं चिकणमाती बाजूला केली. दुसऱ्या खेपेला काळा दगड लागला. तिसऱ्या खेपेला बकेट वर आली आणि हवा आत शिरली, तसा भर सकाळच्या उजेडात खड्ड्याचा तळ लाल झाला.

सगळे नकळत मागे सरले. ज्वाला नव्हती, आवाज नव्हता. नुसता लालबुंद उजेड दगडाच्या फटीफटींतून वर येत होता, आणि त्याची ऊब दूरवर उभ्या माणसांच्या गालांना लागत होती. पायांखाली इतकी वर्षं हे चाललं होतं आणि वर गवत फुलत होतं, ही गोष्ट कुणाच्याच मनात मावेना. वहिनींनी हात जोडले. बाई नुसत्या बघत राहिल्या.

अक्का वळून काठापर्यंत आली. बराच वेळ तिनं त्या लालीकडे पाहिलं.

"म्हणजे माझी चूल तू सात वर्षांपूर्वीच पेटवून ठेवलीस होय रे?" ती म्हणाली.

अण्णा केबिनमध्येच ढसाढसा रडायला लागले. अक्कानं त्यांना रडू दिलं. मग ती साहेबांकडे वळली. "दुसरी जागा आहे?"

"नऊ नंबर," साहेब घाईघाईनं म्हणाले. "तळ तपासून झालाय, खाली सगळा पिवळा दगड. पण वर घालायला माती नाही."

"मातीची काळजी तुम्ही नका करू. माझी माती माझ्यापाशी आहे. पाव एकर त्या ढिगात, बाकीची अजून इथेच." तिनं बाईंना विचारलं, "ती तिकडे नेली तर चालेल?"

"चालेल. मातीचा जीव मी तपासलाय. एक हंगाम नवी जागा बघावी लागेल. तीन वर्षं नाही."

अक्कानं मान डोलावली. "शेत म्हणजे आम्हाला वरची ही मांडीभर मातीच माहीत. खाली काय होतं ते आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं, ते पुरे झालं."

"अहवालात कारण लिहावं लागेल, अक्का," बाई म्हणाल्या. "आणि नावही."

"लिहा. खोटं नका लिहू. पण माती आधी त्याला टाकू दे. दुसऱ्या कुणाच्या हातानं मला नको."

साहेब काहीतरी बोलणार होते. बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तशी त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

अण्णांना चार दिवस लागले. आधी तांबूस थर, मग काळा. यंत्र मागे मागे सरकत गेलं, आणि टाकलेल्या मातीवर एकही चाक चढलं नाही. चारही दिवस अक्का स्टूल टाकून समोर बसली होती. दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही.

शुक्रवारी दुपारी शेवटची बकेट रिकामी झाली. बाईंनी कचेरीतल्या टेबलावर अहवाल ठेवला होता. काय घडलं, कसं घडलं, सगळं होतं त्यात. चूक कुणाची, त्या ओळीवर मात्र बाईंचं पेन चार दिवस अडलं होतं. ती जागा कोरी होती.

अण्णा आत आले. त्यांनी उभ्याउभ्याच अहवाल पहिल्यापासून वाचला, खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि त्या कोऱ्या जागेत आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग ते बाजूला झाले.

अक्कानं पुढे होऊन त्यांच्या हातातून पेन घेतलं. "खाली साक्षीदाराची सही लागते ना?" तिनं बाईंना विचारलं, आणि भावाच्या नावाखाली सावकाश आपली सही केली.